देर अल-बहरीची विहीर : मेलेल्या राजांच्या स्थलांतराचे एक प्रकरण

दुसऱ्या रामसेसच्या शवपेटीच्या झाकणावर, छातीवर घेतलेल्या कोरीव हातांच्या खाली, काळ्या शाईने लिहिलेल्या काही ओळी आहेत. त्यांची लिपी चित्रलिपी नसून हायरॅटिक, म्हणजे प्राचीन इजिप्तमधील कारकुनांची भरभर लिहिण्याची लिपी आहे. आपल्याकडे देवनागरीशेजारी मोडी असावी, तसा काहीसा तिचा व्यवहार होता. मजकूर प्रार्थनेचा नाही, स्तुतीचाही नाही. अमुक राजाच्या अमुक वर्षी, अमुक दिवशी, या राजाला सेती पहिला याच्या थडग्यातून बाहेर काढून इन्हापी राणीच्या थडग्यात नेले, एवढीच ती नोंद आहे. ६६ वर्षे राज्य केलेल्या आणि स्वतःचे पुतळे देशभर उभारलेल्या राजाच्या अंगावर सरकारी फायलीवर मारावा तसा शेरा मारलेला आहे.

प्रस्तुत लेखात ज्या प्रकरणाचा अभ्यास करायचा आहे, ते या शेऱ्याचेच आहे. लक्सरच्या समोर, नाईलच्या पश्चिम तीरावर, देर अल-बहरी येथील हातशेपसुत राणीच्या मंदिरापासून थोडे दक्षिणेला, डोंगराच्या एका घळीत सुमारे १२ मीटर खोल विहिरीसारखा एक खड्डा आहे. अभ्यासक त्याला थडगे क्रमांक ३२० म्हणतात. इ.स. १८८१ मध्ये त्यातून पन्नासहून अधिक ममी बाहेर आल्या आणि त्यांत सेकेनेनरे, अहमोस, अमेनहोतेप पहिला, तुथमोस तिसरा, सेती पहिला, रामसेस दुसरा आणि तिसरा असे इजिप्तच्या इतिहासातले सर्वांत मोठे राजे होते. तुतनखामुनच्या थडग्यातल्या सोन्याने लोकांचे डोळे दिपले, आणि म्हणून इजिप्तच्या दफनविधीचा विचार आपण बहुधा त्या सोन्यावरूनच करतो. मला मात्र ही ओकीबोकी विहीर अधिक बोलकी वाटते. तुतनखामुनचे थडगे म्हणजे जवळजवळ ठरल्याप्रमाणे पार पडलेला विधी. देर अल-बहरीच्या विहिरीत तोच विधी मोडलेला आणि पुन्हा जोडलेला दिसतो. आणि मोडलेली वस्तू दुरुस्त करताना माणूस काय जपतो आणि काय सोडून देतो, यावरून त्या वस्तूतले मुख्य काय होते ते कळते.

मूळ रीत

देह अग्नीच्या स्वाधीन केला की मागे उरलेले त्याचे नव्हे, अशा समजुतीत वाढलेल्या वाचकाला प्रथम हे लक्षात घ्यावे लागते की इजिप्शियन माणसाच्या दृष्टीने देह हे मृताचे घर होते. पक्ष्याच्या रूपात बाहेर हिंडणारा ‘बा’ रात्री परत यायचा तो याच देहाकडे. अन्नपाण्याची अपेक्षा ठेवणारा ‘का’ टिकायचा तोही देहाच्या किंवा त्याच्या प्रतिमेच्या आधाराने. म्हणून देह कुजणे हे दुसरे मरण होते. त्या देहाबरोबर नावही टिकावे लागे. नाव पुसले गेलेला मृत कुणाला सापडत नाही, ना देवांना, ना नैवेद्य घेऊन येणाऱ्या वंशजांना.

लेपनाचा पूर्ण विधी ७० दिवसांचा असे. डाव्या कुशीत छेद देऊन आतडी, जठर, यकृत आणि फुप्फुसे बाहेर काढत, ती वेगळी वाळवत आणि होरस देवाच्या चार पुत्रांच्या रक्षणाखाली ठेवत. हृदय मात्र जागेवरच राहू देत, कारण परलोकातल्या तराजूत तेच ठेवायचे होते. मेंदूला काही किंमत नव्हती. नाकातून आकडा घालून, आतले पातळ हाड फोडून तो काढून टाकत. त्यानंतर नेट्रॉन नावाच्या नैसर्गिक क्षारात देह सुमारे ४० दिवस पुरून ठेवत. हा क्षार ओलावा शोषून घेतो आणि चरबीही खातो, त्यामुळे जिवाणूंना जगायला काही उरत नाही. पुढे तेल, राळ आणि शेकडो हात लांबीच्या लिननच्या पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या थराथरांत ताईत.

या कामात कारागिरी किती बारीक होती, याचे एक उदाहरण रामसेसच्याच चेहऱ्यावर आहे. त्याचे नाक मोठे, बाकदार होते, आणि पट्ट्यांच्या दाबाखाली ते चपटे होऊ नये म्हणून लेपन करणाऱ्यांनी नाकपुड्यांत काळ्या मिरीचे दाणे भरले होते. मिरीची वेल मूळची मलबारची. तिथल्या कुणी तोडलेले, वाळवलेले ते दाणे किती हातांतून, किती गलबतांतून थीब्जपर्यंत, म्हणजे आजच्या लक्सरपर्यंत, गेले असतील याचा हिशेब आज लावता येत नाही, पण इ.स.पू. तेराव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्याचा मसाला एका फॅरोच्या नाकात होता, एवढे खरे.

असा तयार झालेला देह ‘राजांच्या दरी’त डोंगर कोरून केलेल्या थडग्यात, पेटीत पेटी अशा रीतीने ठेवला जाई, आणि त्याबरोबर सोने, तेले, कापड, रथ, फर्निचर. प्रकरणाचे मूळ इथेच आहे. देह कायम राहावा म्हणून त्याच्याभोवती जी संपत्ती रचली, तीच देहाची शत्रू ठरली.

रीत मोडते

थडगी फोडणारे कोण होते, याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही. राजांची थडगी खोदणारे कारागीर देर अल-मदिना या वस्तीत राहत आणि त्यांचा पगार धान्यात मिळे. तिसऱ्या रामसेसच्या २९व्या वर्षी हे धान्य थकले तेव्हा कारागिरांनी हत्यारे खाली ठेवून मंदिरांसमोर बैठक मारली. नोंद उपलब्ध असलेला जगातला हा सर्वांत जुना संप मानला जातो. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परिस्थिती आणखी बिघडली. लिबियाकडच्या टोळ्यांचे हल्ले, धान्याची टंचाई, राजधानी दूर उत्तरेला, आणि डोंगराच्या पोटात टनावारी सोने. कुणाचा पाय घसरणार नाही?

रामसेस नववा याच्या १६व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. सुमारे १११० मध्ये, थीब्जच्या पूर्व तीराचा नगराध्यक्ष पासेर याने पश्चिम तीराचा नगराध्यक्ष पावेरा याच्यावर थडगी लुटली जात असल्याचा आरोप केला. चौकशी समिती नेमली गेली. तिने दहा राजांची थडगी तपासली आणि नऊ सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला. फुटलेले निघाले ते सोबेकेमसाफ राजाचे. या खटल्यातला आमुनपानेफेर नावाच्या पाथरवटाचा कबुलीजबाब पपायरसवर शिल्लक आहे. तो सांगतो की आम्ही राजाची आणि राणीची पेटी उघडली, अंगावरचे सोने, ताईत, दागिने उतरवून घेतले, पेट्यांना आग लावली आणि सोने आठ जणांत वाटून घेतले. प्रत्येकाच्या वाट्याला २० देबेन आले. एक देबेन सुमारे ९१ ग्रॅमचे, म्हणजे एकूण साडेचौदा किलोच्या आसपास. नंतर पकडले गेल्यावर त्याने आपला वाटा एका लेखनिकाला देऊन सुटका करून घेतली, आणि साथीदारांनी त्याला पुन्हा नव्याने वाटा काढून दिला. तीन हजार वर्षांपूर्वीचा हा व्यवहार इतका ओळखीचा आहे की त्यावर टीका करायची गरज नाही.

या जबाबात लक्ष देण्याची गोष्ट सोन्याचे वजन नसून पेट्यांना लावलेली आग ही आहे. लाकडावर चिकटवलेला सोन्याचा पातळ मुलामा काढण्याचा तो सोपा उपाय असावा, पण त्यात देहही जळे. देह जळाला म्हणजे त्या राजाचे घर कायमचे गेले. चोरांना याची जाणीव नव्हती असे म्हणता येत नाही. तेही त्याच श्रद्धेत वाढलेले होते आणि स्वतःच्या वडिलांना त्यांनी जमेल तशी पट्ट्यांतच गुंडाळून मूठमाती दिली असेल.

पुजाऱ्यांचा उपाय, आणि त्यातला पेच

विसाव्या घराण्याच्या अखेरीस इजिप्तचे दोन तुकडे झाल्यासारखी स्थिती आली. उत्तरेत तानिसचे राजे, आणि दक्षिणेत थीब्जला आमुन देवाचे महापुजारी, जे एकाच वेळी सेनापतीही होते. राजांची दरी या महापुजाऱ्यांच्या ताब्यात होती. हेरिहोर याने सेती पहिला आणि रामसेस दुसरा यांच्या दफनाचे नूतनीकरण केल्याच्या नोंदी त्यांच्याच शवपेट्यांवर आहेत. त्यानंतरच्या शंभरेक वर्षांत पुजाऱ्यांनी एकेक थडगे उघडले, आतले देह बाहेर काढले, नव्या कापडात गुंडाळले, हाताशी असलेल्या पेट्यांत ठेवले आणि एका थडग्यातून दुसऱ्यात हलवले.

हे सारे केवळ भक्तिभावाने झाले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दक्षिणेकडचा न्युबिया प्रांत हातचा गेला होता आणि तिच्याबरोबर सोन्याच्या खाणीही. सेनापती पिआंख न्युबियात लढत असताना त्याने थीब्जच्या लेखनिकांना जुन्या थडग्यांपैकी एक उघडून, आपण परत येईपर्यंत त्याची मोहर राखून ठेवण्याची आज्ञा केली होती. त्या आज्ञेला दिलेले उत्तराचे पत्र उपलब्ध आहे. उत्तर लिहिणाऱ्यांत बुतेहामुन हा लेखनिक आहे. याच माणसाची नावे आणि खुणा थीब्जच्या डोंगरातल्या कित्येक कपारींवर आढळतात. आणि पुढे महापुजारी पिनेजेम पहिला याच्या काळात तिसऱ्या रामसेसला ‘ओसिरिस करण्याचे’, म्हणजे नव्याने गुंडाळून विधिपूर्वक ठेवण्याचे काम ज्यांच्यावर सोपवले गेले, त्यांतही बुतेहामुनच आहे. थडगे उघडणारा आणि देह सांभाळणारा हात एकच होता.

म्हणून बरेच दिवस अभ्यासकांचे असे मत होते की पुजाऱ्यांनी दुरुस्तीच्या नावाखाली राज्याच्या तिजोरीसाठी राजांचे अंग धुऊन नेले. सोन्याच्या बाबतीत ते बहुतांशी खरेही आहे. तुथमोस तिसरा याच्या पेटीवरचा सोन्याचा मुलामा तासणीने खरवडून काढलेला आहे, आणि तिसऱ्या रामसेसला ठेवायला अहमोस-नेफरतारी राणीची तीन मीटरहून उंच पेटी वापरलेली आहे. ज्याला जी पेटी मिळाली ती मिळाली, अशी एकंदर अवस्था. परंतु देहाशी तेच लोक कसे वागले, हे पाहिले की चित्र गुंतागुंतीचे होते.

तुथमोस तिसरा चोरांच्या हातून इतका मोडला होता की डोके धडापासून वेगळे झाले होते आणि हातपाय सुटले होते. पुजाऱ्यांनी हे तुकडे पुन्हा माणसाच्या आकारात मांडले, पट्ट्यांच्या आतबाहेर वल्ह्यांसारख्या लाकडी फळ्या ठेवून त्यांना आधार दिला, आणि वरून घट्ट बांधले. मोडक्या हाडाला हाडवैद्य कामट्या बांधतो, तेच हे काम. फक्त रुग्ण चारशे वर्षांपूर्वी मेलेला.

अमेनहोतेप पहिला याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. पुष्पमाळांनी झाकलेली ही ममी इतकी सुबक होती की आधुनिक काळात ती कुणी सोडवलीच नाही. शेवटी सीटी स्कॅनने तिच्या आत पाहिले गेले आणि २०२१ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध झाले. राजा सुमारे ३५ वर्षांचा होता, उंची सुमारे १६९ सेंटिमीटर. चोरांनी त्याचे डोके मानेपासून तोडलेले होते आणि एकविसाव्या घराण्याच्या पुजाऱ्यांनी ते राळेत भिजवलेल्या लिननच्या पट्टीने परत जागेवर बसवले होते. पण महत्त्वाचे ते पुढेच. पट्ट्यांच्या आत ३० ताईत आणि सोन्याच्या मण्यांचा एक कटिबंध जसेच्या तसे होते. या राजाला दोनदा नव्याने गुंडाळल्याच्या नोंदी पेटीवर आहेत; सोने काढून घ्यायचेच असते तर संधीची कमतरता नव्हती. एका ममीवरून सगळ्यांविषयी बोलू नये हे मान्य करूनही म्हणावे लागते की पुजाऱ्यांना नुसते लुटारू ठरवण्याची घाई आपण केली.

या सगळ्यातून माझ्या मते एक क्रम स्पष्ट दिसतो. पुजाऱ्यांनी थडग्याची जागा सोडली, रथ आणि फर्निचर सोडले, मूळ पेटी सोडली, पेटीवरचा सोन्याचा मुलामा तर स्वतःच्या हाताने काढला. देह मात्र जोडला, आणि प्रत्येक पेटीवर किंवा छातीवरच्या कापडावर नाव लिहिले. चित्रलिपीत कोरलेले नाव पेटीबरोबर बदलले असेल, तर त्यावर शाईने खरे नाव घातले. देहाची आणि नावाची गाठ सुटू द्यायची नाही, एवढे एकच कलम त्यांनी वाटाघाटीबाहेर ठेवले होते. शेऱ्यांची कोरडी भाषा याच कारणासाठी आहे, असे मला वाटते. पंचनाम्यात अलंकार नसतात.

सियामुन राजाच्या दहाव्या वर्षी, इ.स.पू. सुमारे ९६९ मध्ये, सेती आणि रामसेस इन्हापीच्या थडग्यात गेले. त्याच सुमारास महापुजारी पिनेजेम दुसरा मरण पावला आणि घळीतल्या विहिरीत त्याचे दफन झाले. अलीकडच्या तपासणीनुसार ही विहीर म्हणजे मुळात पिनेजेमच्या कुटुंबाचेच थडगे होते; राजे तिथे पाहुणे म्हणून नंतर आले. शोशेंक पहिला याच्या कारकिर्दीत शेवटची आवराआवर झाली आणि तोंड बुजवले गेले. वर मंदिर नाही, दार नाही, नाव नाही. नऊ-दहा पिढ्या ज्यांना कुणीच शांतपणे निजू दिले नव्हते, ते राजे त्यानंतर अठ्ठावीसशे वर्षे तिथेच होते.

कुर्ना गावची भावकी

विहीर पुन्हा उघडली ती कुर्ना गावच्या अब्द अल-रसूल कुटुंबाने. १८७१ च्या सुमारास हरवलेली शेळी शोधताना या कुटुंबातल्या अहमदला विहिरीचा पत्ता लागला, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. तारखेवर मात्र एक सावट आहे. पहिल्या रामसेसची रिकामी पेटी या विहिरीत मिळाली, आणि ज्या ममीला आज बरेच अभ्यासक पहिला रामसेस मानतात ती १८६० च्या आसपासच विकली जाऊन नायगारा धबधब्याजवळच्या एका संग्रहालयात पोचली होती. २००३ मध्ये ती इजिप्तला परत करण्यात आली. ती ओळख बरोबर असेल आणि ममी याच विहिरीतली असेल, तर शेळी दहा वर्षे उशिरा हरवली असे म्हणावे लागेल.

कुटुंबाने घाई केली नाही. विहीर हे त्यांचे बँकेतले खाते होते. गरज पडेल तसे आत उतरायचे, पपायरसची एखादी गुंडाळी, काही मूर्ती, एखादे पात्र आणायचे आणि लक्सरच्या मुस्तफा आगा अयात याच्यामार्फत विकायचे. हा गृहस्थ ब्रिटन, बेल्जियम आणि रशिया या तीन देशांच्या वकिलातींचा प्रतिनिधी असल्यामुळे स्थानिक पोलीस त्याला हात लावू शकत नव्हते. १८७० च्या दशकात पिनेजेमच्या घराण्यातले पपायरस युरोपियन खरेदीदारांच्या हाती पडू लागले, आणि एवढे एकजिनसी साहित्य सुट्या वस्तूंतून येत नाही, कुठेतरी अख्खे थडगे सापडले आहे, हे गास्तों मास्पेरो या फ्रेंच अभ्यासकाने ताडले. जानेवारी १८८१ मध्ये मारिएतच्या निधनानंतर तोच पुराणवस्तू खात्याचा प्रमुख झाला.

एप्रिलमध्ये अहमद आणि हुसेन या भावांना पकडून केनाच्या मुदीरापुढे, म्हणजे प्रांताधिकाऱ्यापुढे, उभे केले गेले. तळपायांवर फटके बसले, पण दोघांनी तोंड उघडले नाही. गावानेही ते सज्जन असल्याची ग्वाही दिली. जे फटक्यांना जमले नाही ते वाटणीने केले. तुरुंगवास भोगून आलेल्या अहमदने पूर्वीच्या पाचव्या हिश्शाऐवजी निम्मा हिस्सा मागितला, भावांत जुंपली, आणि थोरला महंमद २५ जून रोजी स्वतः जाऊन सारे सांगून मोकळा झाला. आमुनपानेफेरला साथीदारांनी वाटा परत काढून दिला होता. अहमदला भावांनी दिला नाही. फरक एवढाच.

मास्पेरो तेव्हा फ्रान्सला गेला होता. त्याच्या जागी त्याचा सहायक एमिल ब्रुग्श आणि इजिप्शियन अभ्यासक अहमद कमाल आले, आणि ६ जुलै रोजी ब्रुग्श दोराला धरून विहिरीत उतरला. तळाशी वाकून जावे लागेल असे भोक, पलीकडे बोळ, आणि बोळात शिरताच पांढऱ्या-पिवळ्या रंगाची नेबसेनी नावाच्या माणसाची पेटी. तिच्यामागे आणखी पेट्या, मग उजवीकडे वळणारा लांबच लांब बोळ. मेणबत्तीच्या उजेडात तो एकेक नाव वाचू लागला तेव्हा पिनेजेमच्या नातलगांऐवजी सेती, तुथमोस, रामसेस अशी नावे समोर येत गेली.

यानंतर जे झाले त्याचे समर्थन करता येते, पण कौतुक करता येत नाही. गावात आपल्या उत्पन्नाचे साधन जात असल्याची चीड होती आणि हल्ल्याची भीती खरी होती. ३०० मजूर लावून ४८ तासांत विहीर रिकामी केली गेली. कोणती पेटी कोणत्या पेटीमागे होती, कोणाच्या शेजारी कोण होते, याचा नकाशा केला नाही, आत एकही छायाचित्र घेतले नाही. राजे कोणत्या क्रमाने आणि किती खेपांत आत आणले गेले, हे ज्या मांडणीवरून निश्चित सांगता आले असते ती दोन दिवसांत नाहीशी झाली. १९९८ पासून जर्मन आणि रशियन अभ्यासकांनी ढासळलेले बोळ पुन्हा साफ करून तपासले तेव्हा त्यांना उरलेल्या तुकड्यांवरच भागवावे लागले. एकविसाव्या घराण्याच्या कारकुनांनी स्थलांतराची तारखेसह नोंद ठेवली होती. एकोणिसाव्या शतकातल्या विद्वानांनी ठेवली नाही.

मोठ्या पेट्या उचलायला बारा ते सोळा माणसे लागत आणि डोंगरापासून नदीपर्यंत पोचायला सात-आठ तास. ११ जुलैपर्यंत सारे लक्सरच्या काठावर आले, आणि १४ तारखेला खात्याची आगबोट त्यांना घेऊन कैरोकडे निघाली. लक्सरपासून कुफ्तपर्यंत दोन्ही तीरांवर बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत बोटीबरोबर धावल्या आणि पुरुषांनी मयताला उडवतात तशा बंदुका उडवल्या. हा शोक फॅरोंचा होता की गावाच्या हातून गेलेल्या खात्याचा, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दोन्ही एकाच वेळी खरे असायला काय हरकत आहे?

महंमदला ५०० पौंड बक्षीस आणि उत्खननाच्या मजुरांवर मुकादमी मिळाली. दहा वर्षांनी, १८९१ मध्ये, त्यानेच जवळच्या दुसऱ्या थडग्याकडे बोट दाखवले आणि तिथून आमुनच्या पुजारी-पुजारिणींच्या १५३ पेट्या निघाल्या.

देहांनी सांगितलेले

कैरोत पोचताच ब्रुग्शने उतावळेपणाने तुथमोस तिसऱ्याच्या पट्ट्या सोडल्या आणि आतले तुकडे पाहून तो प्रकार तिथेच थांबवावा लागला. दुसऱ्या रामसेसला १ जून १८८६ रोजी इजिप्तचा तेव्हाचा राज्यकर्ता खेदिव तौफिक याच्या उपस्थितीत पाव तासात उघडे केले गेले. पुढे ९० वर्षांनी, काचेच्या पेटीतल्या दमट हवेत बुरशी लागल्यामुळे, त्याला उपचारासाठी पॅरिसला न्यावे लागले. विमानतळावर राजाला साजेशी लष्करी मानवंदना झाली आणि गॅमा किरणांनी बुरशी मारली. इंटरनेटवर फिरणारे त्याच्या पासपोर्टचे चित्र अलीकडच्या काळात कुणीतरी तयार केलेले आहे. ३ एप्रिल २०२१ रोजी २२ राजा-राण्यांची मिरवणूक कैरोच्या नव्या संग्रहालयात गेली, तीत विहिरीतले बरेच जण होते.

सगळ्याच देहांवर सारखे लिहिण्यात अर्थ नाही. सेकेनेनरेच्या कवटीवर कुऱ्हाडीचे वार आहेत आणि तो लढाईत किंवा कैदेत मारला गेला असावा. माअतकारे या आमुनच्या पुजारिणीच्या पेटीत तिच्याजवळ एक छोटी ममी होती. पुजारिणीला ब्रह्मचर्य सांगितलेले, म्हणून त्या बाळावरून विद्वानांनी बरीच कुजबुज केली. १९६८ मध्ये क्ष-किरण काढले तेव्हा ते बाळ माकड निघाले. तिसऱ्या रामसेसच्या गळ्याला जाड पट्टी होती. २०१२ मध्ये सीटी स्कॅनमध्ये तिच्याखाली हाडापर्यंत गेलेला घाव दिसला आणि त्या घावात लेपन करणाऱ्यांनी ठेवलेला होरसच्या डोळ्याचा ताईत. राजाच्या जनानखान्यातून झालेल्या कटाचा खटला तुरीनमधल्या पपायरसमध्ये आहे, पण राजा त्या कटात मेला की वाचला याचे उत्तर त्यात नव्हते. ते पट्टीखाली होते.

त्याच तिसऱ्या रामसेसशी, जनुकीय तपासणीनुसार, बाप-लेकाचे नाते सांगणारा एक तरुण याच विहिरीत मिळाला. त्याची आतडी काढलेली नाहीत. हातपाय बांधलेले होते, तोंड उघडे, आणि अंगाभोवती शुद्ध लिननऐवजी बकऱ्याचे कातडे, जे दफनात अपवित्र मानले जाई. कटातला राजपुत्र पेंतावेरे हाच असावा, असे मत आहे. पपायरसमध्ये त्याचे पेंतावेरे हे नावदेखील खरे नाही. हे त्याचे दुसरेच नाव असल्याचे खटला लिहिणारे स्वतः नमूद करतात, आणि त्यातल्या इतर आरोपींची नावेही मुद्दाम विटाळून, ‘रे (सूर्यदेव) ज्याचा द्वेष करतो तो’ अशा अर्थाची लिहिलेली आहेत. दोनशे वर्षांनी पुजाऱ्यांनी राजांना हलवले तेव्हा त्यांच्याबरोबर हा देहही आणला. तो कोण आहे हे त्यांना ठाऊक होते की नव्हते, हे कळायला मार्ग नाही. त्याची पेटी पांढरी, साधी आहे. बाकीच्यांच्या पेट्यांवर असलेली शाईची ओळ तिच्यावर नाही.